माउंटन पिग्मी पॉसम केवळ बोगाँग पतंग खाऊनच जगतो का?

ऑस्ट्रेलियातील माउंटन पिग्मी पॉसम हा प्राणी फक्त बोगाँग पतंग खाऊन जगतो हे खरे आहे का, आणि पतंग कमी झाले तर त्याला दुसरे काही खाऊन भागवता येणार नाही का, असे आपण विचारले आहे. तो फक्त पतंगांवर जगत नाही. परंतु मादीला पिल्ले वाढवायची असतात त्या दिवसांत पतंगांची उणीव भरून काढील असे दुसरे अन्न तिच्या आसपास नसते, आणि सारी अडचण तिथेच आहे.

पोटाला पिशवी असलेला हा प्राणी वजनाला अवघा ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. विज्ञानाला तो आधी १८९५ च्या सुमारास जीवाश्मांतून कळला, आणि नामशेष झाला असे समजले जात असतानाच १९६६ मध्ये व्हिक्टोरियातील माउंट हॉथम येथे स्कीइंगसाठी येणाऱ्यांच्या एका निवासात जिवंत सापडला. आज तो व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समधील मोजक्या शिखरांवरच, दगडगोट्यांच्या राशींमध्ये राहतो. हिवाळ्याचे कित्येक महिने तो बर्फाखाली शीतनिद्रेत घालवतो, म्हणून वर्षभराचे खाणे त्याला उरलेल्या थोड्या महिन्यांत उरकावे लागते.

वसंत ऋतूत, म्हणजे तिकडच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मादी विते. तिला चारच स्तन असल्यामुळे जास्तीत जास्त चार पिल्ले जगतात. नेमक्या याच सुमारास क्वीन्सलँडच्या दक्षिण भागातून आणि न्यू साउथ वेल्सच्या सपाट प्रदेशातून, काही तर हजार किलोमीटरपर्यंत उडत, बोगाँग पतंग उन्हाळा टाळण्यासाठी या शिखरांवर येतात. एका जानेवारीत कोझियस्को राष्ट्रीय उद्यानात मी एका खडकाच्या कपारीत विजेरीचा उजेड टाकून पाहिले, तेव्हा आतली भिंत कौलारू छपरासारखी दिसली: प्रत्येक पतंगाचे डोके पुढच्याच्या पंखांखाली, मध्ये बोटभरही जागा रिकामी नाही, आणि तळाशी गळलेल्या पंखांचा व मेलेल्या पतंगांचा तपकिरी थर. दाटी असेल तिथे एका चौरस मीटरमध्ये सुमारे १७,००० पतंग बसतात. त्यांच्या पोटात चरबी ठासून भरलेली असते. बर्फ नुकताच वितळला आहे, झुडपांना अजून फळ धरलेले नाही, आणि बाळंत मादीच्या दारात हे अन्न आपण होऊन येते. म्हणूनच माद्या पतंगांची गर्दी असलेल्या उंचावरच्या खडकाळ जागा धरून राहतात आणि नर बहुधा खालच्या उतारांवर राहतात.

उन्हाळा सरू लागला की आहार बदलतो. माउंटन प्लम पाइन या जमिनीलगत पसरणाऱ्या सूचिपर्णी झुडपाच्या बिया, इतर झुडपांची लहान फळे, भुंगेरे, कोळी, सुरवंट असे बरेच काही तो खातो. त्याच्या जबड्यात खाचा असलेली एक मोठी उपदाढ असते, आणि टणक बी फोडायला किंवा कीटकाचे कवच कापायला तिचाच उपयोग होतो. पाळलेले पॉसम बिया साठवून ठेवतानाही आढळले आहेत. शीतनिद्रेपूर्वी वजन जवळपास दुप्पट होते, ते पतंग आणि बिया या दोन्हींच्या जोरावर.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. २०१७ पासूनच्या दुष्काळात पतंगांची संख्या भयंकर घटली. त्यांच्या अळ्या मैदानी प्रदेशातील मातीत वाढतात, आणि तिथे ओलच राहिली नाही. (आपल्याकडे हरभऱ्याची रोपे रात्री जमिनीलगत कुरतडणारी अळी बोगाँग पतंगाच्याच अ‍ॅग्रोटिस प्रजातीतली आहे, तेव्हा शेतकरी वाचकांना तिची सवय लगेच ध्यानात येईल.) त्या काळात पाहणी करणाऱ्यांना अनेक माद्यांच्या पिशव्यांतील सगळीच्या सगळी पिल्ले दगावलेली आढळली. प्रौढ जनावरे इतर कीटकांवर कशीबशी तगली, पण दूध पुरले नाही. हे वाचले तेव्हा मला ती कपार आठवली आणि फार वाईट वाटले. पुढे २०२१ मध्ये बोगाँग पतंगाचीही नोंद धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत झाली.

याच कारणाने झूज व्हिक्टोरिया या संस्थेने लोकांना पतंगांच्या स्थलांतराच्या काळात घराबाहेरचे अनावश्यक दिवे मालवण्याचे आवाहन केले, कारण दिव्यांकडे खेचले गेलेले पतंग वाट चुकून शहरातच अडकतात. पतंगांतील पोषणाशी मिळतीजुळती ‘बोगाँग बिस्किटे’ही तयार करण्यात आली, आणि २०१९-२० च्या वणव्यांत कोझियस्कोतील अधिवास जळाल्यानंतर तिथल्या पॉसमना ती खाऊ घातली गेली. तात्पुरत्या संकटात हा उपाय योग्यच आहे असे मी मानतो. मात्र दरवर्षी शिखराशिखरांवर बिस्किटे पोहोचवणे शक्य नाही, आणि प्लम पाइन अतिशय सावकाश वाढत असल्याने जळालेल्या उतारांवर बियांचा आधारही लवकर परत येणार नाही.