डिप्लोमा होऊन वर्ष होत आलं, पोर्टलवर अर्ज करूनही फोन येत नाही. थेट कंपनीच्या गेटवर जाऊन नोकरी विचारली तर बरं दिसतं का?

बरं दिसतं. आणि नसेल दिसत, तरी जा.

खरं तर इतकंच लिहून थांबणार होतो. पण तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, 'अर्ज केलेत ना, मग धीर धर, दारोदार हिंडू नकोस.' हे वाक्य मी आमच्या घरात इतकं ऐकलंय की आता उत्तर लांबणार. बायोडेटाचं विचारलंय ते शेवटी बघू.

मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी बघतो. नवीन पोरं घेताना मुलाखतीला बसतो, त्यामुळे तुमच्या अर्जाचं पुढे काय होतं ते रोज डोळ्यांसमोर असतं. एचआर जाहिरात टाकतं, संध्याकाळपर्यंत अर्जांचा ढीग पडतो, आणि मग एचआरची मुलगी अनुभवाच्या रकान्यात 'किमान १ वर्ष' असं टाकून यादी गाळते. तुम्ही तिथेच गळता. तुमचं नाव कुणी नाकारलेलं नसतं, कारण ते कुणी वाचलेलंच नसतं. तेव्हा 'मला कुणी घेत नाही' म्हणून खचून जाऊ नका, आणि रोज पन्नास अर्ज टाकतो म्हणून आपण काही करतोय असंही समजू नका. एसी लावून बटण दाबणं म्हणजे नोकरी शोधणं नव्हे.

दुसरी गोष्ट. ज्या ठिकाणी फ्रेशरला खरंच घेतात, म्हणजे पुण्याजवळ भोसरीतली, तळवड्यातली पंचवीस-पन्नास माणसांची वर्कशॉपं, ती पोर्टलवर जागा टाकतच नाहीत. मालक सुपरवायझरला सांगतो, 'एखादा पोरगा बघ रे'. सुपरवायझर दोघांना विचारतो. संपली जाहिरात. ती जागा सकाळी तयार होते आणि संध्याकाळी भरते.

आता माझं सांगतो. २००८ ला डिप्लोमा झाला. गाव बार्शी. निकाल लागला तेव्हा सगळं झकास चाललं होतं, आणि मी पुण्यात येऊन कॉट बेसिसवर खोली घेईपर्यंत तिकडे अमेरिकेत लेहमन ही मोठी बँक बुडाली. भोसरीला त्याचं काय, असं वाटेल. पण ट्रकची मागणी आटली, नोव्हेंबरात टाटा मोटर्सनेही पुण्याचा कारखाना काही दिवस बंद ठेवला, आणि मोठ्या कंपनीने शिंक दिली की त्याला माल पुरवणारे सगळे अंथरुणाला खिळतात. ठेकेदाराची माणसं पहिल्या झटक्यात घरी गेली. खोलीतले सगळे माझ्यासारखेच बेकार. नुकत्याच पास झालेल्याला कोण विचारतो?

आमचे थोरले काका, नाना, जिल्हा परिषदेत होते. त्यांच्या तरुणपणी त्यांनी सोलापूरच्या सेवायोजन कार्यालयात (एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये) नाव नोंदवलं, कार्ड आलं, मुलाखत झाली, नोकरी लागली. त्यांचा नियम साधा. नाव नोंदवावं, अर्ज करावा आणि घरी बसावं. मी भोसरीत गेटोगेट फिरतोय हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी फोनवर सुनावलं, 'माधुकरी मागतोस का रे? आपल्या घरात हे कुणी केलेलं नाही.' वडील गप्प. वडील नानांपुढे कायमच गप्प.

नानांना तेव्हा उत्तर दिलं नाही, इथे देतो. तुम्ही ज्या कायद्याच्या भरवशावर बसायला सांगत होतात तो १९५९ चा. त्यात मालकाने रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या, मुख्य सक्ती इतकीच होती. त्या कार्यालयाने पाठवलेला माणूस घ्यायलाच पाहिजे अशी सक्ती त्यात नव्हती, हे कायद्यातच स्पष्ट लिहिलेलं होतं. तुमच्या काळात सरकारी खाती तिथून यादी मागवत, म्हणून तुमचं जमलं. भोसरीच्या प्रेस शॉपचा मालक सोलापूरहून यादी मागवेल असं तुम्हाला का वाटलं, हे मला आजही कळलेलं नाही.

असो. गेटोगेट फिरण्याची पद्धत कुणी शिकवली नव्हती. पहिले काही दिवस जे सगळे करतात तेच केलं. गेटवर जायचं, वॉचमनला 'व्हेकन्सी आहे का' विचारायचं. वॉचमन म्हणतो, बायोडेटा ठेवून जा. त्याच्या ड्रॉवरमध्ये गठ्ठा असतो आणि त्या गठ्ठ्याच्या पाठकोऱ्या बाजूवर गाड्यांचे नंबर लिहिले जातात. हे मी एका गेटवर बघितलं आणि बायोडेटा देणं बंद केलं.

मग टपरीवर बसायला लागलो. भोसरी एमआयडीसीच्या एस ब्लॉकला एक टपरी होती, तिथे दुपारी साडेतीनच्या सुमाराला सुटणारी आणि चढणारी अशा दोन्ही शिफ्टची पोरं चहाला येत. हातांना तेल, बोलण्यात शिव्या. पेपरच्या जाहिरातींपेक्षा तिथे जास्त बातम्या. कुठे ओव्हरटाइम सुरू झालाय, कुठला सुपरवायझर भांडून गेला, कुठे नवीन मशीन उतरलं. मंदी असूनही हे सगळं चालूच होतं. माणसं कमी केलेल्या ठिकाणी काम उरतंच, फक्त करायला कुणी नसतं. हे मला त्या टपरीवर कळलं, कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

एके दिवशी एक ऑपरेटर चिडून सांगत होता की त्यांचा ब्रॅकेटचा अख्खा लॉट गिऱ्हाईकाने परत पाठवलाय, बर, म्हणजे कापलेल्या कडेवरची धारदार कूस, राहिलीय आणि काही पीसना होल अंडरसाइज आलंय. ठेकेदाराची पोरं आधीच काढलेली, त्यामुळे शेठ स्वतः बसलाय निवडायला. मी विचारलं, कुठली कंपनी? त्याने हात करून दाखवली. चहाचे पैसे दिले आणि निघालो.

वॉचमनला 'व्हेकन्सी आहे का' विचारलं नाही. 'रिजेक्शनच्या कामाला आलोय' म्हटलं. खोटं नव्हतं, पूर्ण खरंही नव्हतं. त्याने सोडलं. आत ताडपत्रीवर ब्रॅकेटचा डोंगर, भोवती चार-पाच जण आणि मधे मालक, बाह्या वर करून. मी म्हटलं, 'साहेब, डिप्लोमा झालाय. ड्रॉइंग वाचता येतं, व्हर्निअर धरता येतो. आत्ता बसू का?'

'कुणी पाठवलं?'

'कुणी नाही. टपरीवर ऐकलं.'

त्यांनी दोन सेकंद बघितलं आणि होल तपासायचं गो-नोगो गेज माझ्याकडे सरकवलं. गो बाजू आत गेली पाहिजे, नोगो जाता कामा नये, आणि मग कडेवरून अंगठा फिरवून बर बघायची. रात्री उशिरापर्यंत तेच. अंगठ्याची सालटी निघाली. पण मी आणखी एक केलं, ते कुणी सांगितलेलं नव्हतं. एका कोऱ्या कागदावर रकाने आखले. किती तपासले, किती चांगले, बर किती, होल किती, आणि होलचे खराब पीस कुठल्या क्रेटमधले. रात्री लक्षात आलं की होलचा दोष ठरावीक क्रेटमध्येच आहे, म्हणजे मधेच कधीतरी भोक पाडणारा पंच झिजला आणि बदलला गेला. मालकांनी तो कागद खिशात घातला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाच्या क्वालिटी इंजिनिअरसमोर त्यांनी तोच ठेवला. लॉट चांगला करून द्यायला मुदत मिळाली आणि उरलेलं सेग्रिगेशन, म्हणजे चांगले-खराब पीस वेगळे करायला, मला गिऱ्हाईकाकडे पाठवलं. आठवड्याअखेर विचारलं, पगार काय घेणार?

पगार फार नव्हता. पण त्या मंदीत तो होता.

ही गोष्ट मी सांगितली की दोन प्रकारचे लोक येतात. पहिले म्हणतात, नशीब. त्यांना मी उत्तर देत नाही. दुसरे म्हणतात, म्हणजे शेवटी ओळखच लागली ना, त्या ऑपरेटरची. त्या ऑपरेटरचं नावही मला तेव्हा माहीत नव्हतं. माझी बायको ज्युनिअर कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. तिच्याकडून कळलं की मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच मांडलं होतं. बोस्टनजवळच्या उपनगरात नोकरी बदललेल्यांना त्याने विचारलं. ज्यांना ओळखीतून नोकरीची खबर लागली, त्यांच्यापैकी बहुतेकांची ती ओळख जवळची नव्हतीच, अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाची होती. कारण उघड आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते तुम्हालाही आधीच माहीत असतं. माझ्या खोलीतल्या पोरांना नवीन काय ठाऊक असणार? वशिला म्हणजे मंत्र्याची चिठ्ठी असं धरून जे हातपाय गाळून बसतात त्यांनी टपरीवर चहा प्यावा, स्वस्त पडतो.

नाना मात्र मानत नाहीत. कुठल्याही लग्नात भेटले की चार लोकांत सांगतात, 'हा आमचा, गेटवर उभा राहून लागला.' आणि पाठोपाठ स्वतःच्या मुलाचं उदाहरण देतात. तो घरीच बसला, कुणाकडे गेला नाही, आणि बँकेत ऑफिसर झाला. बघा, धीर धरला! अहो नाना, तो घरी बसला नव्हता. तो पहाटेपासून रात्रीपर्यंत गणितं सोडवत होता, सराव परीक्षा देत होता, पडला की पुन्हा फॉर्म भरत होता. मी त्याच्या खोलीत झोपलोय, मला माहीत आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास म्हणजे वाट बघणं नाही. त्याच्या कष्टांना धीर म्हणून तुम्ही त्याच्यावरही अन्यायच करता. त्याला हे मी एकदा बोलून दाखवलं तर तो हसला, पण वडिलांसमोर तोही काही बोलत नाही. आमच्या घराण्यातच ते आहे.

तर तुम्ही काय करायचं. तुमच्याकडे माझ्या वेळी नव्हतं असं एक हत्यार आहे. अप्रेंटिसशिपचा, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा, पण २०१९ मधल्या बदलानंतर ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. बऱ्याच मध्यम कंपन्यांत ही जागा रिकामी पडलेली असते कारण कागदपत्रांचा कंटाळा. तेव्हा गेटवर 'नोकरी आहे का' याऐवजी 'अप्रेंटिस घेताय का, माझं अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर रजिस्ट्रेशन झालेलं आहे' असं विचारा. हे ऐकून एचआर बाहेर येतो, मी येताना बघितलंय. एचआर नसेल तर क्वालिटीचे किंवा मेंटेनन्सचे साहेब कोण ते विचारा. अडचण त्यांची असते, माणूस त्यांना हवा असतो. एचआरला तुम्ही म्हणजे वाढलेलं काम. भोसरीला गुरुवारी जाऊ नका, सुट्टी असते. सोमवारी सकाळीही नको, मीटिंगा चालू असतात आणि सगळे वैतागलेले असतात.

आता हे सगळीकडे चालतं असं नाही, हेही सांगायला हवं. मोठ्या कंपनीच्या गेटवर तुम्हाला कुणी आत घेणार नाही, तिथे अप्रेंटिस किंवा कॅम्पस हाच रस्ता. आयटीवाल्यांना हा सल्ला निरुपयोगी आहे. मुलींनी टपरीवर बसावं असं मी म्हणणार नाही. माझ्या विभागातली एक इंजिनिअर माझ्या हाताखालच्या माणसाचा नंबर कॉलेजच्या सिनिअरकडून मिळवून, फोन करून आली, तेही तितकंच चांगलं. ठेकेदारामार्फत घेत असतील तर पहिल्याच दिवशी पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) कापणार का ते विचारा आणि त्यांचे नंबर मागा. नंबर द्यायला टाळाटाळ केली की समजा काय ते. 'लावून देतो, अमुक रक्कम आण' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आणि माझ्यासारखं फुकट बसलात तर एक दिवस, फार तर दोन. त्यापुढे मजुरी मागा. मालक चांगला असेल तर त्याला राग येत नाही.

बायोडेटा एक पान. वडिलांचं पूर्ण नाव, छंद, 'वरील माहिती सत्य आहे' वगैरे काढून टाका. कुठली मापनसाधनं वापरलीत, ड्रॉइंग वाचता येतं का, सीएनसीवर हात बसलाय का, कुठल्या शिफ्टला चालेल, हे पहिल्या चार ओळींत. खोटा अनुभव लिहू नका, व्हर्निअर हातात दिला की दहा सेकंदांत कळतं. आणि नंबर चालू आहे का बघा. गेल्याच महिन्यात एका मुलाला घ्यायचं ठरलं आणि त्याचा फोन दोन दिवस बंद लागला. तिसऱ्या दिवशी दुसरा घेतला.