बॉल यायच्या आधी बघायचं : मिडफिल्डवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे, कोल्हापुरात एका तालमीच्या ज्युनियर टीममध्ये आठ नंबरला, म्हणजे मिडफिल्डला, खेळतो. पासिंग चांगलं आहे असं सगळे म्हणतात पण मॅचमध्ये बॉल आला की मी परत मागे स्टॉपरलाच (बचावातला मधला प्लेअर) देतो, आणि बाहेरून ओरडा सुरू होतो पुढे खेळ, पुढे खेळ. पुढे कोण मोकळा आहे ते त्या वेळी दिसतच नाही. एकट्याने किंवा मित्राबरोबर करण्यासारखं काही सांगा. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पासिंग चांगलंय म्हणतोस, म्हणजे गडबड पायात नाहीये. गडबड बॉल पायात यायच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत आहे, तेव्हा तू नुसता बॉलकडे बघत असणार, आणि बॉल आल्यावर मान वर करतोस तोवर मागचा पोरगा अंगावर आलेला असतो, मग मागे देण्याशिवाय उरतं काय.

नॉर्वेच्या गेर योर्डेट या संशोधकाने यावर बरंच काम केलंय. प्रीमियर लीगमधल्या प्लेअरांचे व्हिडिओ बघून बॉल मिळायच्या आधी कोण किती वेळा मान वळवतो ते मोजलं. इंग्लंडचा मिडफिल्डर फ्रँक लॅम्पार्ड दर दहा सेकंदांत साधारण सहा वेळा इकडेतिकडे बघायचा. आणि जे जास्त बघतात त्यांचे पुढचे पास जास्त लागतात असं त्यात दिसलं. तुझी पुढची मॅच मित्राला मोबाइलवर काढायला सांग, पण कॅमेरा बॉलवर नको, फक्त तुझ्यावर, आणि मग घरी बसून स्वतःच मोज.

आता ड्रिल. एक भिंत हवी आणि एक मित्र. तू भिंतीवर बॉल मारायचा, मित्र तुझ्या मागे सात-आठ पावलांवर, तो सारखा जागा बदलणार आणि हाताची बोटं दाखवणार. बॉल भिंतीला लागून परत यायच्या आत मागे बघून बोटं किती ते ओरडायचं, मग बॉल घ्यायचा आणि वळून त्याला पास. हे जमलं की बोटांऐवजी त्याला ठरवू दे, जागेवर थांबला तर तू वळायचं, अंगावर धावून आला तर एका टचमध्ये परत भिंतीवर. मॅचमध्ये तुला हाच निर्णय घ्यायचा असतो, म्हणून मला हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. कधी बघायचं म्हणशील तर बॉल दुसऱ्या दोघांमध्ये फिरत असताना एकदा, आणि तुझ्याकडे निघाल्यावर निम्म्या वाटेवर असताना शेवटचं एकदा. पायाजवळ आल्यावर नाही, तेव्हा डोळे बॉलवरच पाहिजेत, नाहीतर बॉल पायात थांबणार नाही.

दुसरं म्हणजे उभं राहणं. स्टॉपरकडे पूर्ण तोंड करून उभा राहिलास तर समोरचा गोल तुझ्या पाठीमागेच जातो. आडवा उभा राहा, एक खांदा स्टॉपरकडे आणि दुसरा समोरच्या गोलकडे, आणि बॉल स्टॉपरच्या जवळच्या पायाने न घेता गोलकडच्या पायाने घे. तेवढ्याने अर्धं वळणं आपोआप होतं. टोनी क्रूसचे रिअल माद्रिदमधले व्हिडिओ बघ, तो मिडफिल्डर असून डावीकडे स्टॉपरच्या शेजारी खाली यायचा तो याचसाठी, तिथून सगळं ग्राउंड त्याच्या समोर असायचं आणि पाठीवर कोणी नसायचं.

आणि ओरडणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नको. शाहू स्टेडियमवर लांब मारलेल्या बॉलला टाळ्या पडतात हे तुला मी सांगायला नको, पण पाठीवर माणूस असताना एका टचमध्ये मागे दिलेला पास चुकीचा नसतो. तुझ्यामागे तो माणूस ओढला गेला, त्याची जागा रिकामी झाली, आणि स्टॉपरने तिथे आलेल्या तुझ्याच टीमच्या तिसऱ्या माणसाला दिला की अटॅक सुरू. मिडफिल्डर बुस्केट्सने बार्सिलोनात वर्षानुवर्षं हेच केलं. मोकळा असतानाही मागे देतोस ते मात्र बंद कर.

प्रश्न : सातारा जिल्ह्यात शाळेत क्रीडाशिक्षक आहे. मुलं 14, बॉल तीन, जागा साधारण 18 मीटर बाय 18 मीटर. पासिंगचे ड्रिल घेतो, रांगेत उभं राहून प्लॅस्टिकच्या कोनभोवती पास आणि पळ, मुलं छान करतात, मॅचमध्ये मात्र मधल्या मुलांकडून अटॅक उभाच राहत नाही. काय बदलू?

उत्तर : सर, कोन बॉल हिसकावायला येत नाही, खरं दुखणं तेच आहे. रांगेतल्या ड्रिलमध्ये पास कुठे द्यायचा हे आधीच ठरलेलं असतं, मुलाला बघावंच लागत नाही. वॉर्मअपला दहा मिनिटं ठेवा हवं तर, त्याहून जास्त नको.

सुरुवात रोंडोने करा, आठ मीटरचा चौकोन, बाहेर चार आत दोन, बाहेरच्यांनी बॉल आपसात फिरवायचा आणि आतल्यांनी हिसकावायचा. क्रॉइफ 1988 मध्ये बार्सिलोनाचे कोच झाले तेव्हापासून हा रोंडो तिथल्या रोजच्या सरावात मुरलेला आहे. पण नुसत्या रोंडोत गोल कुठल्या बाजूला हे नसतं म्हणून त्यावर थांबू नका. पुढे 18 बाय 12 ची पट्टी आखा (चुना नसेल तर चपला, विटांचे तुकडे काहीही चालेल), आत चार विरुद्ध चार, आणि तीन मुलं कोणत्याच टीमची नाहीत, ज्याच्याकडे बॉल त्यांच्या बाजूने खेळणारी. त्यातले दोन दोन्ही टोकांना, एक मधोमध. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बॉल पोचवला की एक पॉइंट, मधल्या मुलामार्फत पोचवला तर दोन. तीन मिनिटं खेळ, मग मधला बदला, सगळ्यांची पाळी येऊ द्या, कारण मध्ये उभं राहून चारी बाजूंनी माणसं अंगावर येतात ते बाहेरून सांगून कळत नाही.

झाली अकरा मुलं. उरलेल्या तिघांना बाजूच्या सहा मीटरच्या पट्टीत दुसरा बॉल द्या. पहिला लांब तिसऱ्याला देतो, तिसरा एका टचमध्ये मधल्याला, तोवर तिसरा वळून धावत सुटलेला असतो आणि मधला त्याच्या पुढे बॉल टाकतो. पाच-सहा वेळा झालं की जागा बदलायच्या. इथे विरोधी कोणी नाही हे खरं, पण वेळ साधायची सवय लागते आणि मुलं नुसती उभी राहत नाहीत.

एक सांगतो, सगळ्यांना दोन टचची (बॉलला दोनदाच पाय लावून सोडायचा) सक्ती करू नका. बरेच कोच करतात, खेळ जोरात दिसतो म्हणून. पण मग मोकळ्या जागेत असलेला मधला मुलगाही घाबरून लगेच बॉल सोडून देतो, आणि आपल्याला तर तो वळायला हवाय. टोकाच्या दोघांना ठेवा हवी तर.

मॅचच्या सरावात गोलकिक लांब मारू देऊ नका. 2019 पासून नियम बदललाय, गोलकिकचा बॉल पेनल्टी एरियाच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या) आतच आपल्या माणसाला घेता येतो, म्हणजे स्टॉपर गोलकीपरच्या शेजारी उभा राहून खेळ सुरू करू शकतो आणि तुमच्या मधल्या मुलाला पहिल्याच पासपासून काम मिळतं. सुरुवातीला दोन-चार फुकट गोल खाल, खाऊ द्या.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, ठाण्यात एका कोचिंगला जाते, तिला सेंट्रल मिडला ठेवलंय. टीव्हीवर तिने कोणाचा खेळ बघावा? आणि बॉल कोणता घ्यायचा?

उत्तर : आयताना बोनमातीचा, ती बार्सिलोना आणि स्पेनची मिडफिल्डर. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, महिलांमध्ये तिलाच मिळाला. पण अख्खी मॅच बघायला लावू नका, कंटाळेल. दहा मिनिटं फक्त बोनमातीवर नजर ठेवायची, बॉल तिच्याकडे नसताना ती कुठे बघते आणि कुठे सरकते एवढंच, आणि गोल झाला तरी रिप्लेमध्ये बघू म्हणायचं. जवळपास मॅच असेल तर टीव्हीपेक्षा ग्राउंडवरच न्या, कॅमेरा बॉलच्या मागे पळतो त्यामुळे निम्मं दिसतच नाही. बॉल चार नंबरचा घ्या. दुकानदार "पुढेही चालेल" म्हणून पाच नंबरचा गळ्यात मारतात, तो तेरा-चौदा वर्षांपर्यंत नको.