पहिली गादीवाली पेटी: लाकूड कोणतं?

ताई, सागवानाच्या मागे लागू नका, सगळं कापडाखालीच जाणार आहे. पेटी आणि झाकण १८ मिमी प्लायचं, तळ १२ मिमी चालेल. घरात आयएस ३०३ छापाचा साधा प्लाय पुरतो; बाल्कनीत ठेवणार असाल तर आयएस ७१०, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या.

नवशिक्यांच्या दोन चुका:
- स्वस्त म्हणून पार्टिकल बोर्ड. त्याच्या कडेत बिजागरीचे स्क्रू टिकत नाहीत, कापडाच्या पिनाही सुटतात.
- ओली पट्टी. बडोद्याच्या पावसाळ्यात वखारीतून झाकणासाठी आणलेली पाइनची पट्टी निदान आठवडाभर पंख्याखाली सपाट ठेवा. घाईत केलेलं माझं पहिलं झाकण पिळलं. कापड, फोम सगळं उसवावं लागलं. फार जीव हळहळला.

गादीखालच्या स्प्रिंगा, ताणपट्टे सध्या राहू द्या. आधी ही साधी चौकोनी पेटी करा, नक्की जमेल.