घरच्या नेटवर्किंग लॅबसाठी पतपेढीचे कर्ज काढू नये

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपली कन्या जळगावात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, पदवीबरोबरच तिला सिस्को या नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या कंपनीची सीसीएनए ही प्रमाणपत्र परीक्षा द्यायची आहे, आणि घरी सराव करण्यासाठी तीन राउटर (वेगवेगळी नेटवर्के एकमेकांना जोडणारी उपकरणे) व तीन स्विच (एकाच नेटवर्कमधील यंत्रे जोडणारी उपकरणे) यांचा जुना संच पंचावन्न हजारांना मिळत असल्याने त्यासाठी पतपेढीतून कर्ज काढावे का, असे आपण अमळनेरहून विचारले आहे. संचातील वस्तूंची यादी आपण पत्रात उतरवून पाठवली हे फार बरे केले, कारण माझे उत्तर त्या यादीवरच अवलंबून आहे. हा संच घेऊ नये.

यादीत राउटरांसोबत सिरीयल कार्डे आणि त्यांच्या केबली आहेत. दूरच्या कार्यालयांमधील जोडण्या पूर्वी अशा दुव्यांवर चालत आणि फ्रेम रिले या दूरच्या जोडण्यांच्या जुन्या तंत्रासारखे विषय परीक्षेत असत, म्हणून जुन्या संचांत हा माल हमखास आढळतो. फेब्रुवारी २०२० पासून लागू झालेल्या २००-३०१ या परीक्षेच्या अभ्यासक्रमात फ्रेम रिले नाही, आणि राउटिंगचा, म्हणजे माहितीची वाट ठरवण्याचा, जो प्रोटोकॉल (नियमसंच) प्रत्यक्ष बसवता यावा लागतो तो ओएसपीएफ, तोही एकाच एरियापुरता (नेटवर्कच्या एकाच विभागापुरता). आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के, नेटवर्कच्या मूलतत्त्वांना आणि नेटवर्क अ‍ॅक्सेसला प्रत्येकी २० टक्के, सुरक्षेला १५ टक्के, तर आयपी सेवा आणि ऑटोमेशन यांना प्रत्येकी १० टक्के अशी विभागणी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये या अभ्यासक्रमाची १.१ ही आवृत्ती आली. यातील बहुतेक सराव लॅपटॉपवर होतो, आणि वायरलेस कंट्रोलरसारखे (वाय-फायची उपकरणे एका जागेवरून चालवणारे) काही घटक तर त्या पंचावन्न हजारांच्या संचात मुळी नाहीतच.

लॅपटॉपवर सुरुवात पॅकेट ट्रेसर या नेटवर्कचा आभास निर्माण करणाऱ्या सॉफ्टवेअरने करावी. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या संकेतस्थळावर खाते उघडले की तो विनामूल्य मिळतो आणि ४ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवरही चालतो. व्हीलॅन (एकाच स्विचवरील स्वतंत्र आभासी नेटवर्के) पाडणे, दोन स्विचमध्ये ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारा दुवा) जोडणे, एकाच राउटरच्या एका पोर्टवरून अनेक व्हीलॅनचे राउटिंग करणे, ओएसपीएफचे शेजारी राउटर जुळवणे, नॅट (पत्त्यांची अदलाबदल) आणि अ‍ॅक्सेस लिस्ट (काय जाऊ द्यायचे आणि काय अडवायचे याची यादी) लिहिणे हे सारे त्यावर करता येते. मात्र तयार सरावपाठ सोडवून थांबू नये. जुळलेले नेटवर्क मुद्दाम बिघडवावे: ट्रंकच्या एका टोकाचा नेटिव्ह (खुणेविना जाणारा) व्हीलॅन बदलावा, ओएसपीएफच्या एका बाजूचा हॅलो टायमर (शेजाऱ्याला किती वेळाने हाक द्यायची तो अवधी) वेगळा ठेवावा, आणि मग आधी उत्तर न पाहता केवळ उपकरणाची स्थिती दाखवणाऱ्या शो कमांडच्या आधारे दोष शोधावा. मुलाखतीत प्रश्न विचारले जातात ते याच प्रकारचे. केबल जोडल्यावर स्विचच्या पोर्टचा दिवा सुमारे ३० सेकंद नारिंगी राहून मग हिरवा होतो, त्याचे कारण स्पॅनिंग ट्री या, स्विचमधील फेरे टाळणाऱ्या व्यवस्थेच्या लिसनिंग आणि लर्निंग या पंधरा-पंधरा सेकंदांच्या दोन अवस्था, हे ज्याने स्वतः टायमर बदलून पाहिले आहे तो पाठांतर केलेल्या उमेदवारापेक्षा वेगळा ओळखू येतो.

पॅकेट ट्रेसर हा अखेर आभास आहे. त्यात सिस्कोची खरी आज्ञावली (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) चालत नाही आणि कित्येक कमांड नाहीत. पुढच्या टप्प्यावर सिस्को मॉडेलिंग लॅब्ज या सिस्कोच्याच सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती वापरावी. तिच्यात एका वेळी पाच उपकरणे चालवता येतात, पण तिलाच किमान ८ जीबी रॅम लागते, म्हणून कन्येच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर ती गुदमरेल. तो लॅपटॉप वाढवता येण्याजोगा असेल, तर रॅम १६ जीबी करणे हा माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत योग्य खर्च ठरेल. जीएनएस३ हा अशाच सरावाचा प्रोग्रामही चांगला पर्याय आहे, पण सिस्कोच्या आज्ञावलीची प्रत त्यासोबत मिळत नाही. पेन ड्राइव्हवरून फिरणाऱ्या प्रती परवान्याविना असतात. जिला पुढे सुरक्षेच्या क्षेत्रात काम करायचे आहे तिने त्या मार्गाने जाऊ नये. जीएनएस३ मध्ये लिनक्सवर एफआरआर हे राउटिंगचे मुक्त सॉफ्टवेअर बसवले तर ओएसपीएफचा कायदेशीर सराव फुकट होतो, आणि त्यातील पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे) वायरशार्क या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहता येतात.

खरे उपकरण हाताळूच नये असे मात्र मी म्हणत नाही. दोन महिन्यांचा सराव झाल्यावर एक जुना सिस्कोच्या २९६० मालिकेचा स्विच, शक्यतो आठ पोर्टचा आणि पंखा नसलेला, एक यूएसबी कन्सोल केबल (लॅपटॉपवरून स्विचला आज्ञा देण्यासाठी), क्रिम्पिंगचे पक्कड आणि केबलच्या टोकाला लावायचे थोडे आरजे-४५ कनेक्टर घ्यावेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा जुन्या मालाच्या ऑनलाइन बाजारात हे काही हजारांत जमते. घेताना आज्ञावलीच्या नावात के९ (एन्क्रिप्शनची खूण) आहे का ते पाहावे, नाहीतर एसएसएचचा, म्हणजे उपकरणाशी दुरून सुरक्षितपणे जोडण्याचा, सराव होणार नाही. जुन्या मालकाचा पासवर्ड मोड बटण दाबून काढणे आणि स्टार्टअप कॉन्फिग (स्विचमध्ये साठवलेली मांडणी) पुसल्यावरही व्हीलॅन डॉट डॅट या फाइलमुळे जुने व्हीलॅन का उरतात ते शोधणे, हा पहिल्याच दिवशीचा उत्तम धडा होईल.

दोन खबरदाऱ्या आपल्या घरापुरत्या. वरच्या पत्र्याच्या खोलीत लॅब मांडण्याचा आपला विचार आहे. या स्विचची चालण्याची कमाल तापमानमर्यादा ४५ अंश सेल्सिअस आहे, आणि आखाजीच्या सुमारास आपल्याकडे बाहेरच पारा तिथपर्यंत जातो, तेव्हा खालची खोली आणि सकाळची वेळ बरी. सहा जुनी उपकरणे भारनियमनात इन्व्हर्टरवर चालवण्याचा प्रश्नही मग उरत नाही. दुसरे असे की, सरावाचा डीएचसीपी (नेटवर्कवरील पत्ते वाटणारा) सर्व्हर घरच्या फायबर राउटरला जोडू नये. तो घरातल्या मोबाइलला आणि टीव्हीला भलतेच पत्ते वाटील आणि घरच्यांची रात्रीची मालिका मध्येच बंद पडेल, जे परीक्षेतल्या गुणांपेक्षा अधिक महागात पडू शकते.

नोकरीबाबत थोडक्यात लिहितो. केवळ प्रमाणपत्रावर मोठ्या पगाराचे आश्वासन देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. सुरुवातीची कामे बहुधा पुणे, नाशिक किंवा मुंबईकडे नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रांत, पाळीने मिळतात, आणि रात्रपाळीची तयारी घरानेही ठेवावी लागते. त्याआधी सुट्टीत अमळनेर किंवा जळगावातील एखाद्या फायबर इंटरनेट पुरवठादाराकडे महिनाभर काम करू द्यावे अशी विनंती तिने स्वतः जाऊन करावी. ग्राहकाची तक्रार ऐकून दोष शोधण्याचा अनुभव तिला तिथेच मिळेल.

हाताशी ठेवायची रक्कम परीक्षेसाठी ठेवा. शुल्क ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे आपल्या पैशांत पंचवीस हजारांच्या पुढे जाते, आणि अपयश आल्यास पाच दिवसांनंतर पुन्हा बसता येते, पण शुल्क पुन्हा पूर्ण भरावे लागते. म्हणून सराव परीक्षांत सातत्याने चांगले गुण मिळू लागल्याशिवाय तारीख घेऊ नये. ही परीक्षा घरूनही देता येते, तथापि मध्येच वीज किंवा इंटरनेट गेल्यास होणारा मनस्ताप पाहता प्रवासाचा खर्च सोसून पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या केंद्रावरच ती द्यावी, आणि नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर जसे आहे अगदी तसेच लिहावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक