केप फुटते, पण बार फुसका: जुन्या हॉकनवर इलाज

तुमची तक्रार थोडक्यात अशी: थॉम्पसन/सेंटर कंपनीची जुनी हॉकन, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासायची बंदूक, .५० कॅलिबर, बरीच वर्षं कपाटात पडून. आता केप (घोड्याच्या ठोक्याने फुटून ठिणगी देणारी छोटी टोपी) फुटते, पण मधूनच बार उडत नाही, किंवा क्षणभर थांबून उडतो. यावर पहिला सल्ला मिळतो तो जास्त जहाल केप घेण्याचा. तो आत्ता बाजूला ठेवा. केप फुटतेय म्हणजे ज्वाला तयार होतेय, ती दारूपर्यंत पोचत नाही. अडथळा मधल्या वाटेत आहे.

हात लावण्याआधी नळी रिकामी आहे ना, ते बघा. गज (ठासायची काठी) तळापर्यंत सोडा, नळीच्या तोंडाशी खूण करा आणि तेवढाच गज बाहेरून नळीला लावा. आतलं टोक निपलच्या (केप बसते त्या भोकाच्या शंकूच्या) जवळपास यायला हवं. दोन-तीन सेंटीमीटर अलीकडेच थांबलं, तर आत जुना बार, म्हणजे दारू आणि गोळी, असू शकतो.

या बंदुकीची खरी मेख ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या बंद टोकात, आहे. निपलमधून आलेली ज्वाला वळून एका छोट्या कोठीत शिरते आणि ही कोठी नळीपेक्षा बरीच अरुंद आहे. .५० चा जॅग (गजाच्या टोकाला चिंधी धरणारा तुकडा) तिच्या तोंडाशीच अडतो. त्यामुळे चिंधी स्वच्छ बाहेर आली तरी कोठीत काजळी आणि गोठलेलं तेल तसंच राहतं. बंदूक तोंड वर करून उभी ठेवली असेल तर नळीतलं सगळं तेलही तिथेच उतरतं.

सफाई अशी करा. घोडा अर्ध्या खटक्यावर (अर्धवट मागे ओढून अडकवलेला) घेऊन नळी दस्त्याला धरून ठेवणारी पाचर काढा, नळी सोडवा, निपल पान्याने काढा. ब्रीच गरम साबणपाण्याच्या बादलीत बुडवून चिंधी लावलेला गज पिचकारीसारखा वरखाली करा. मग .३० कॅलिबरच्या आसपासचा ब्रश थेट कोठीत घालून फिरवा. बहुतेक लोक गाळतात ती पायरी हीच. बाजूचा सफाईचा स्क्रू निघत असेल तर काढा. जाम असेल तर जबरदस्ती नको, आटे गेले की काम वाढतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलची चिंधी आणि मग कोरडी. साठवायच्या वेळी तेल अगदी पातळ लावा आणि बंदूक तोंड खाली करून ठेवा.

आता परीक्षा. जॅगवर कोरडी चिंधी लावून गज तळापर्यंत सोडा, नळी सुरक्षित दिशेला धरा आणि नुसती केप फोडा. चिंधीवर काळा जळका डाग आला तर वाट मोकळी. डाग नसेल तर पुन्हा ब्रश.

निपल ही झिजणारी वस्तू आहे, पण ती वर्षानुवर्षं बदलली जात नाही. नव्या निपलच्या तळाचं भोक साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतं. १ मिलिमीटरच्या ड्रिलचं मागचं टोक आत शिरलं तर निपल बाद, कारण बाराचा दाब मागे येऊन घोडा उचलतो. ज्वाला मोठी व्हावी म्हणून भोक मुद्दाम वाढवणारे भेटतात. ते करू नका. या हॉकनच्या निपलचे आटे १/४-२८ (पाव इंच जाडी, इंचाला २८ आटे) आहेत. स्पेन-इटलीच्या बऱ्याच बंदुकांचे मेट्रिक असतात, तेव्हा जुळत नसेल तर पिळू नका.

केप दुसऱ्या ठोक्याला फुटत असेल तर दोष वेगळा: ती पूर्ण बसलेली नाही. पहिला ठोका तिला खाली ढकलण्यातच जातो. निपलचं डोकं ठोकून पसरलं असेल किंवा त्या कंपनीची ११ नंबरची केप तुमच्या निपलच्या शंकूला घट्ट होत असेल, तर हे होतं. केप चिमटून बसवण्यापेक्षा निपल आणि केप यांची जोडी जुळवा. घोडा सावकाश पडतोय असं वाटलं तर लॉक (घोडा आणि त्याची कमान असलेली यंत्रणा) दस्त्यातून काढून बघा. बाहेर चपळ आणि आत सुस्त असेल तर कमान ठीक आहे, लाकूड घासतंय.

दारूबद्दल. पायरोडेक्सला (काळ्या दारूऐवजी वापरतात ती पर्यायी दारू) पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते. त्याच्या गोळ्या तर या ब्रीचसाठी नाहीतच. कोठीच्या तोंडावरच बसतात आणि ज्वाला लांब राहते. खरी एफएफजी (दाण्याच्या आकाराची प्रत) काळी दारू वापरा. बिनधुराची (आजच्या काडतुसांतली) दारू कधीच नाही, नळी फुटेल. दारू ओतल्यावर नळीला बाजूने दोन-तीन थापट्या मारा. गोळी ठासताना घोडा अर्ध्या खटक्यावर आणि निपल उघडं ठेवा, म्हणजे हवा तिकडून निघते आणि दारूचे कण वाटेत सरकतात. जुनी फुटकी केप तशीच राहिली तर हे होत नाही. नवी केप मात्र निशाण्याकडे तोंड केल्यावरच. दोन बारांमध्ये ओली चिंधी फिरवत असाल तर ती जेमतेम दमट हवी. चिंब असेल तर काजळीचा चिखल कोठीत ढकलला जातो.

कोकणात शेतीसंरक्षण परवान्यावर असलेल्या केपाच्या ठासणीच्या बंदुकांनाही निपल आणि तेलाबद्दलचं हे लागू आहे, पण तिथे दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच.

बार फुसका गेला तर बंदूक निशाण्याकडेच धरून किमान एक मिनिट थांबा, मगच दुसरी केप. आणि एवढं करूनही दमट हवेत अडलंच, तर मस्केट केपचं (मोठ्या आकाराच्या केपचं) निपल घ्या. त्याची ज्वाला मोठी असते आणि गार बोटांनी ती केप बसवायलाही सोपी जाते. फक्त घोड्याची वाटी तिच्या कडांना लागत नाही ना, हे बसवण्याआधी तपासा.