सी सिम्युलेशन पास, बोर्ड गप्प

प्रश्न : मुलगी ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. सी++ मधला फिल्टर व्हिटिस एचएलएसमधून (सी++ वरून सर्किट बनवणारं टूल) एफपीजीएवर (हवं ते सर्किट घालता येणारी चिप) टाकायचा मिनी प्रोजेक्ट आहे. सिम्युलेशन पास होतं, बोर्डवर उत्तरच येत नाही. टूल स्वतःच व्हेरिलॉग (सर्किटचं वर्णन करायची भाषा) लिहितं, मग हिने ते शिकायचं कशाला? तिला न विचारता जावाच्या क्लासची फी भरली आहे. बरोबर केलं ना? – एक पालक, नाशिक

उत्तर : नाही. बोर्ड गप्प आहे याची मला काळजी वाटत नाही, तुम्ही परस्पर फी भरलीत याची वाटते. पत्रात तिचे चार सेमिस्टरचे गुण आहेत, तिला काय हवंय याची एक ओळ नाही. प्रोजेक्ट अडकला म्हणजे शाखा चुकली, असं होत नाही.

आता टूलबद्दलचा गैरसमज. टूल मॉड्यूल बनवून देतं, पण ते बाकीच्या सर्किटला जोडायचं कुणी? सी++ च्या फंक्शनला क्लॉक, म्हणजे सर्किटला ताल देणारा सिग्नल, ठाऊक नसतो. त्याचं मॉड्यूल झालं की क्लॉक-रीसेटबरोबर एपी_स्टार्ट (सुरू कर), एपी_रेडी (पुढचं घ्यायला तयार), एपी_डन (काम झालं), एपी_आयडल (रिकामा) असे सिग्नल येतात. एपी_स्टार्ट एकदा १ केला की एपी_रेडी येईपर्यंत १ च ठेवायचा. मुलं एका क्लॉकची पल्स देऊन मोकळी होतात. उत्तर वाचायचं ते एपी_डन आल्यावर. रीसेट, म्हणजे सर्किट सुरुवातीच्या स्थितीत आणणारा सिग्नल, तर हमखास फसवतो. साधे पोर्ट असतील तर एपी_आरएसटी १ असताना मॉड्यूल रीसेट करतो. अ‍ॅक्सी इंटरफेस (चिपमधले भाग जोडायची ठरलेली पद्धत) घेतला की तोच एपी_आरएसटी_एन होतो आणि ० असताना रीसेट करतो. उलटा जोडला की मॉड्यूल जागचं हलत नाही. तिची लक्षणं ऐकून माझा पहिला संशय इथेच. उत्तर चुकीचं येत असतं तर मेमरी पाहायला सांगितलं असतं : अ‍ॅरेचे अ‍ॅड्रेस, एनेबल आणि डेटा पोर्ट होतात, डेटा सहसा पुढच्या क्लॉकला अपेक्षित असतो, आणि बीरॅमचं (एफपीजीएतल्या मेमरीचं) आउटपुट रजिस्टर चालू राहिलं तर तो आणखी एक क्लॉक उशिरा येतो.

सी सिम्युलेशन फक्त सी++ चा प्रोग्राम चालवतं, यातलं काहीच तपासत नाही. तिने ट्रेस (सिग्नलची नोंद) चालू ठेवून को-सिम्युलेशन करावं, म्हणजे टूलने लिहिलेलं व्हेरिलॉगच चालवून बघावं. तिथे टूल स्वतः हे सिग्नल नियमाने चालवतं. मग बोर्डवर आयएलए (चिपच्या आतले सिग्नल टिपणारं साधन) लावून दोन्हींचे वेव्हफॉर्म (सिग्नलचे आलेख) शेजारी ठेवावेत. कुठे फाटलंय ते दिसेल, पण व्हेरिलॉग वाचता येत असेल तरच.

गेट किंवा सी-डॅकचा व्हीएलएसआय (चिप डिझाइन) डिप्लोमा पदवीच्या वेळी बघू. पुढचं पत्र तिला लिहू द्या, सोबत वेव्हफॉर्म पाठवायला सांगा.