तुमचे प्रश्न: इंग्रजीच्या पेपरातली १०० शब्दांची गोष्ट

प्रश्न: ताई, मी नववीत आहे, मनीषनगरला राहते. डिसेंबरमध्ये केंब्रिजची बी-वन प्रिलिमिनरी फॉर स्कूल्स ही इंग्रजीची परीक्षा देऊन राहिली आहे. ईमेल मला जमतो पण गोष्ट आली की हात थांबतो. प्रॅक्टिसला पहिलं वाक्य दिलं होतं, ‘आय ओपन्ड द बॉक्स अँड कुडन्ट बिलीव्ह माय आइज’. मी लिहिलं की बॉक्समध्ये हिरे होते, मग चोर आले, मी पळाली, जंगलात गेली, पोलीस आले, आणि शेवटी मला जाग आली, ते स्वप्न होतं. १६० शब्द झाले, २० पैकी ९ मिळाले. मॅडम म्हणाल्या गोष्टीत गोष्ट नाही. म्हणजे काय करू?

उत्तर: बेटा, तुझी गोष्ट मी तीनदा वाचली. तुझं इंग्रजी ९ मार्कांचं नाही, त्याहून पुष्कळ चांगलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी पेपर नीट समजून घे. रायटिंगला एकूण ४५ मिनिटं असतात, त्यात पहिला ईमेल सगळ्यांना कंपल्सरी, आणि दुसऱ्या भागात लेख किंवा गोष्ट यातलं एक निवडायचं. दोन्ही साधारण १०० शब्दांचे. प्रत्येकाला २० मार्क, आणि ते २० चार ठिकाणी ५-५ असे वाटलेले असतात: मजकूर विचारल्याप्रमाणे आहे का, वाचणाऱ्यापर्यंत नीट पोचतो का, मांडणी कशी आहे, आणि भाषा कशी आहे. म्हणजे भाषा हा फक्त चौथा हिस्सा झाला! आपण सगळे मात्र तयारी त्याचीच करतो, मोठे मोठे शब्द पाठ करत बसतो.

आता तुझी गोष्ट. हिरे, चोर, पळणं, जंगल, पोलीस, स्वप्न. सहा घटना १०० शब्दांत, म्हणजे एकेका घटनेला जेमतेम सोळा शब्द, त्यात ना चोराचा चेहरा दिसत ना तुझी भीती दिसत, नुसतं हे झालं मग ते झालं. आणि स्वप्नाचा शेवट तर सोडूनच दे, कारण त्यात वाचणाऱ्याला आपण सांगतो की आतापर्यंत वाचलंस ते काही झालंच नव्हतं. १०० शब्दांत एकच गोष्ट मावते. एक वस्तू, दोन माणसं, आणि मध्ये काहीतरी एक बदललं, एवढंच.

मी तुला विचारते, तुझ्या घरात खरोखरचे डबे कोणते आहेत? शिलाईचा डबा, माळ्यावरची पत्र्याची पेटी, आजीचा औषधाचा डबा. माझ्या घरी माळ्यावर एक खोका होता आणि त्यात माझ्या भावाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल होता, एक चाक निघालेला. तू नागपूरची आहेस, तुला वेगळं सांगायला नको, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिकडे मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्याच दिवशी, गल्लीगल्लीत पोरं बैल सजवून दोरीने ओढत नेतात. चाक निघालं की बैल एकीकडे झुकतो, ओढला की गोल फिरतो, आणि पोरगं रडकुंडीला येतं. त्यावरून मी तुझ्याच वाक्याची गोष्ट करून पाहिली:

‘आय ओपन्ड द बॉक्स अँड कुडन्ट बिलीव्ह माय आइज. माय ओल्ड वुडन बुल वॉज इनसाइड. माय ग्रँडफादर हॅड मेड इट फॉर मी व्हेन आय वॉज फोर, बट आय हॅड लॉस्ट वन ऑफ इट्स व्हील्स. नाऊ इट हॅड फोर व्हील्स. द न्यू व्हील वॉज अ लिटल बिगर दॅन द अदर्स. “हू रिपेअर्ड इट?” आय आस्क्ड. माय ग्रँडफादर वॉज रीडिंग हिज न्यूजपेपर. ही डिडन्ट लुक अप, बट ही वॉज स्मायलिंग. दॅट आफ्टरनून माय लिटल ब्रदर वॉक्ड डाऊन द स्ट्रीट विथ द बुल. इट मूव्ड अ बिट टू द लेफ्ट, अँड ही लाफ्ड ऑल द वे.’

मोजून बघ, ९३ शब्द आहेत. यात तुला येत नाही असा एक तरी शब्द आहे का? चोर नाही, पोलीस नाही. पण चाक थोडं मोठं आहे, म्हणून ते आजोबांनी घरीच बसवलं हे न सांगता कळतं, आणि शेवटी बैल डावीकडे जातो तेही त्याच चाकामुळे. मॅडम म्हणतात ना गोष्टीत गोष्ट नाही, त्या हेच म्हणत असाव्यात, की मागचं आणि पुढचं एकमेकांत अडकलेलं पाहिजे. तान्हा पोळा हे नाव मी मुद्दाम लिहिलं नाही, कारण तपासणारा कुठला असेल सांगता येत नाही आणि समजावण्यात दहा-बारा शब्द जातात. तुला लिहायचंच असलं तर बिनधास्त लिही, पण पुढे ‘अ फेस्टिव्हल फॉर चिल्ड्रन’ एवढं जोड.

आता व्याकरण, आणि हे जरा लक्ष देऊन वाच कारण इथे आपली मराठी आपल्याला मदतही करते आणि पाडतेही.

मदत अशी की इंग्रजी गोष्टीला लागणारे तिन्ही भूतकाळ आपल्या बोलण्यात आधीच आहेत. आई स्वयंपाक करून राहिली होती, तेवढ्यात बेल वाजली, बाबा किल्ली विसरून गेले होते. ‘करून राहिली होती’ म्हणजे वॉज कुकिंग, ‘वाजली’ म्हणजे रँग, ‘विसरून गेले होते’ म्हणजे हॅड फरगॉटन. आपल्या नागपूरच्या ‘करून राहिली’ला पुण्याकडची मंडळी हसतात, पण पास्ट कंटिन्युअस कुठे लावायचा हे तुला त्याच्यावरूनच बरोबर कळेल. मागे काय चालू होतं ते ‘राहिली होती’त, मधेच काय घडलं ते साध्या भूतकाळात, आणि त्याच्याही आधी काय होऊन गेलं होतं ते हॅडमध्ये. एका गोष्टीत तिन्ही एकेकदा आले तरी भाषेच्या मार्कांना चांगला हातभार लागतो.

पाडते कशी ते पण बघ. आपण गोष्ट सांगताना मधेच वर्तमानात जातो. ‘मी घरी गेली, बघते तर काय, दार उघडं, आत जाते तर कोणीच नाही!’ मराठीत हे इतकं छान लागतं की कोणाला खटकत नाही. तुझ्या वहीत तेच इंग्रजीत उतरलं आहे, ‘आय रॅन टू द जंगल अँड आय सी अ पोलीसमन’. तुझ्या १६० शब्दांत अशी सात वाक्यं मी मोजली. तपासणाऱ्याला तिथे लय दिसत नाही, चूक दिसते. म्हणून शेवटची तीन मिनिटं राखून ठेव आणि तेव्हा फक्त क्रियापदांवरून बोट फिरव, बाकी काही वाचू नको.

दुसरं पाडणारं म्हणजे आपला ‘की’. ‘तो म्हणाला की मी येतो’ हे तू ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’ असं लिहिलंस, आणि त्याचा अर्थ झाला की तू येणार आहेस, तो नाही! गोष्टीत कोणी बोललं की सरळ अवतरण चिन्हात घाल, ‘“आय ॲम कमिंग,” ही सेड’. चूकही टळते आणि माणूस बोलताना ऐकूही येतो. पण दोनच वाक्यं, जास्त संवाद लिहिलास तर गोष्ट तिथेच अडकून बसेल.

आणि अ, द. मराठीत हे नाहीतच म्हणून आपण सगळे इथे गडबडतो. साधी सवय लाव, वस्तू पहिल्यांदा आली की अ, तीच पुन्हा आली की द. तुझ्या वाक्यात ‘द बॉक्स’ आहे, म्हणजे तो खोका लिहिणारीच्या ओळखीचा आहे, कुठला ते तिला माहीत आहे. बघ, एवढ्याशा शब्दात गोष्टीचा धागा मिळतो.

वेळेचं सांगते. ईमेलला २० मिनिटं दे, गोष्टीला २५. त्यातली पहिली पाच मिनिटं पेन्सिलने तीनच ओळी लिही, त्याही मराठीत चालतील: कोण आणि कुठे, काय बदललं, शेवटी डोळ्यासमोर काय राहिलं. शेवट आधी ठरव. शेवट माहीत नसताना लिहायला बसलं की मग स्वप्नच आठवतं. शब्द थोडे जास्त झाले म्हणून थेट मार्क कापत नाहीत, पण जास्तीच्या साठ शब्दांत जास्तीच्या चुका होतात आणि विषय सुटतो, तुझं तेच झालं.

या आठवड्यात तीन वाक्यांवर लिहून पाठव, वाक्यं मी देते. ‘द बस स्टॉप्ड अँड एव्हरीवन गॉट ऑफ एक्सेप्ट मी.’ ‘सारा लुक्ड ॲट द मेसेज अगेन.’ ‘इट वॉज द हॉटेस्ट डे ऑफ द इयर.’ शेवटचं तर तुला सोपं जाईल, मे महिन्यातली दुपार, लाइट गेलेली, कूलर बंद, आणि शेजारी कोणाकडे तरी इन्व्हर्टर आहे.

प्रश्न: ताई, माझ्या मुलाला ट्यूशनमध्ये दहा गोष्टी लिहून दिल्या आहेत, म्हणतात यातलीच एक कुठेही बसते. तो रोज पाठ करतो, रडतो, विसरतो. हे बरोबर आहे का? (एक आई, त्रिमूर्तीनगर)

उत्तर: नाही हो ताई, बरोबर नाही, आणि पोराला रडवून तर मुळीच नाही. पहिलं वाक्य परीक्षेत मिळतं आणि ते जसंच्या तसं घ्यावं लागतं. समजा वाक्य आलं ‘सारा लुक्ड ॲट द मेसेज अगेन’ आणि पाठ केलेली गोष्ट आहे पिकनिकला हरवलेल्या मुलाची, आणि तीही ‘आय’ने सुरू होणारी. मग सारा पहिल्या ओळीत येते आणि दुसऱ्या ओळीपासून गायब होते, मेसेज कोणाचा होता कधीच कळत नाही. मजकुराचे ५ मार्क तिथेच धोक्यात येतात, आणि मांडणीचेही, कारण सांधा दिसतो. इतकी वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यावर पाठ केलेला परिच्छेद मला दोन ओळींत ओळखू येतो, परीक्षकालाही येतच असणार.

पाठ करायचंच असेल तर छोटे सांधे करा, सडनली, अ फ्यू मिनिट्स लेटर, ॲट फर्स्ट, बाय द टाइम. आणि रात्री जेवताना त्याला दिवसभरातली एक गोष्ट मराठीत सांगायला लावा, चारच वाक्यांत. शाळेच्या व्हॅनमध्ये काय झालं, पोह्यांवर तर्री कोणी सांडली, काहीही. तुम्ही फक्त एकच विचारा, मग काय झालं? दहा दिवसांनी तीच चार वाक्यं इंग्रजीत लिहायला सांगा. मी माझ्या दोन्ही मुलांचं असंच केलं, धाकट्याला तर लिहायचा फार कंटाळा होता.

प्रश्न: मी दहावी, मराठी मीडियम, उमरेड रोडला राहतो. आमच्या बोर्डाच्या पेपरात पण गोष्ट येते, तिला हे सगळं लागू होते का? आणि इंग्रजी कच्चं असलं तर काहून लिहायची, बातमी लिहिली तर नाही चालत?

उत्तर: चालते ना. बातमी आणि गोष्ट यातलं एकच लिहायचं असतं. बातमीचा साचा ठरलेला असतो, हेडलाइन, तारीख, ठिकाण, काय घडलं, म्हणून इंग्रजी कच्चं असलेल्याला ती सोपी पडते हे खरं आहे. पण गोष्टीला सुरुवात किंवा शेवट पेपरातच दिलेला असला तर एक टोक हातात आलेलंच असतं. सुरुवात दिली असेल तर वर सांगितलं तसं कर. शेवट दिला असेल तर उलटं जा, तो शेवट होण्याच्या आधीच्या मिनिटाला काय झालं असेल ते आधी लिही, मग त्याच्या आधीचं.

एक फरक लक्षात ठेव, बोर्डाच्या गोष्टीला शीर्षक द्यायचं असतं आणि पोरं घाईत तेच विसरतात. सगळं लिहून झाल्यावर शीर्षक दे, गोष्टीतल्या वस्तूचंच दे. ‘द फोर्थ व्हील’ हे ‘अ गुड ग्रँडफादर’पेक्षा कधीही बरं. आणि वाक्यं छोटी ठेव बाबू, सात-आठ शब्दांची. कच्चं इंग्रजी लांब वाक्यातच उघडं पडतं. छोट्या वाक्यात तूसुद्धा चांगला लिहितोस, तुझं पत्र वाचून सांगून राहिली आहे.

प्रश्न: आयईएल्ट्सची तयारी करतोय, त्यात गोष्ट विचारतात का? (सदर)

उत्तर: नाही. तिथे पहिल्या टास्कला निदान १५० शब्द लागतात, ॲकॅडमिकला आलेख-तक्त्याचं वर्णन आणि जनरलला पत्र, दुसऱ्याला निदान २५० शब्दांचा निबंध. गोष्ट तुमच्या धाकट्या भावंडांसाठी आहे. केंब्रिजच्या बी-वनच्या वरच्या परीक्षेत, बी-टू फर्स्टमध्येसुद्धा ती फक्त फॉर स्कूल्सच्या पेपरात असते, १४० ते १९० शब्दांची, मोठ्यांच्या पेपरात नसते. घरात कोणी तो स्कूल्सचा पेपर देत असेल तर त्याला सांगा, तिथे पहिल्या वाक्याबरोबर दोन मुद्दे दिलेले असतात आणि ते दोन्ही गोष्टीत यावे लागतात. एक जरी राहिला तरी मजकुराचे मार्क कमी होतात, म्हणून पेपर हातात आल्या आल्या त्या दोन्हींखाली पेन्सिलने रेघ ओढायला सांगा.